कुठेही चालेल

माझे भावोजी विमान कंपनीत नावं ठेवायच्या कामाला होते. हे वाक्य मी कुठेही उच्चारलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, "त्याचा पगार मिळतो होय? आमच्या सासूबाई जन्मभर फुकट करत आल्या." मी तरी काय करणार, कामच तसं होतं. प्रवाशांकडून कशाकशाचे जादा पैसे उकळायचे ते वरच्या मजल्यावरचे साहेब ठरवायचे. त्या उकळण्याला आपल्या भाषेत असं नाव शोधायचं, की पैसे देणाऱ्याला आपला सत्कार होतोय असं वाटावं, हे खालच्या मजल्यावर भावोजींनी बघायचं. त्यांच्या टेबलावर 'भाषा विभाग' अशी पाटी होती. विभागात ते एकटेच होते आणि टेबल झेरॉक्सच्या यंत्राला खेटून होतं, त्यामुळे सारखं कुणीतरी येऊन विभागाच्या डोक्यावरून कागद काढून न्यायचं.

पूर्वी विमानाचं तिकीट काढलं की बसायला खुर्ची मिळायची आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मग साहेबांच्या लक्षात आलं की माणसाला नुसतं बसायचं नसतं, अमुक ठिकाणी बसायचं असतं, आणि ही त्याची हौस आपण इतकी वर्षं फुकट पुरवत आलो. झालं, त्या दिवसापासून प्रत्येक खुर्चीची किंमत वेगळी झाली आणि भावोजींचे दिवस पालटले.

खिडकीच्या खुर्चीला त्यांनी 'आकाशदर्शन' म्हटलं. मधल्या वाटेकडच्या, म्हणजे बाहेरच्या अंगाच्या, खुर्चीला 'ऊठबस'. पुढे पाय लांब करायला जागा असलेल्या खुर्च्या 'ऐसपैस' झाल्या. मधली खुर्ची कुणालाच नको असते, कारण तिथे दोन्ही हात दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर असतात. तिचं नाव ठेवलं 'सुवर्णमध्य'. शेवटची रांग, जिच्या पाठीशी संडासाचं दार अखंड वाजत असतं, ती 'सोयीची रांग'. आणि कुटुंबातल्या माणसांना शेजारी शेजारी बसायचं असेल तर त्याचं शुल्क वेगळं, त्याचं नाव 'सोबत'. हे ऐकून मी कपाळाला हात लावला होता. "भावोजी, माणसाला त्याचीच बायको विकताय की हो तुम्ही!" ते जराही न ओशाळता म्हणाले, "विकत नाही मेहुणीबाई, भाड्याने देतो. उतरल्यावर फुकटच आहे." मी स्वतः चष्म्याच्या दुकानात आहे. आमच्याकडे फ्रेमचे वेगळे, काचेचे वेगळे, काचेवर ओरखडे न पडण्याचे वेगळे पैसे लागतात, तेव्हा मला फार नाक मुरडता येत नाही. तरी काच आणि फ्रेम शेजारी बसवायचे वेगळे पैसे आम्ही अजून लावलेले नाहीत.

या सगळ्यात त्यांची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे फुकटवाल्यांचं बटण. ज्याला काहीच जादा द्यायचं नाही, त्यालाही काहीतरी दाबावं लागणारच. साहेबांची अट अशी, की फुकट खुर्ची घेणाऱ्याने पुढे तक्रार करता कामा नये. भावोजी डोकं धरून बसले होते. असेच एका संध्याकाळी घरी आले, आतल्या खोलीत कपडे बदलता बदलता त्यांनी ओरडून विचारलं, "अगं, रविवारी जेवायला कुठे जायचं?" स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "चालेल." त्यांनी पुन्हा विचारलं, "अगं, कुठे ते विचारतोय!" ताई म्हणाली, "कुठेही चालेल." भावोजी अर्धा सदरा अंगात, अर्धा हातात अशा अवस्थेत फोनकडे धावले.

दुसऱ्या दिवशी बटण तयार. 'कुठेही चालेल.' आपल्या माणसांची जित्याची खोड त्यांनी बरोब्बर पकडली होती. आपल्याला कुणी काही विचारलं की आपण आधी चालेल म्हणतो आणि मग प्रश्न काय होता ते आठवतो. लोक पटापट बटण दाबायला लागले, सौजन्य दाखवल्याचं समाधान मिळवायला लागले, आणि संडासाशेजारी बसल्यावर भांडायला उठले की त्यांना नम्रपणे सांगितलं जायचं, आपणच म्हणालात. कंपनीने भावोजींना एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर त्यांचं नाव चुकीचं कोरलेलं होतं, पण नाव ठेवणाऱ्याचं नाव कोण नीट लिहितो?

माणूस म्हणून भावोजी वाईट नव्हते, हे मला इथे सांगितलंच पाहिजे, नाहीतर ताई माझ्याशी बोलायची नाही. ताईचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेलेला. लग्न झाल्यापासून भावोजी रस्त्याने चालताना न चुकता तिच्या डाव्या हाताला चालायचे. सभागृहात, बसमध्ये, कुणाच्या घरी गेल्यावर त्यांची पहिली धडपड ताईची डावी बाजू पटकावण्याची. तिथे आधीच कुणी बसलं असेल तर बिनदिक्कत म्हणायचे, "जरा सरका, ही माझी जागा आहे." घराबाहेर असा राजा माणूस. घरात मात्र आवाज नुसताच भिंतींवर आपटायचा. दाढी करताना, बुटाची नाडी बांधताना, फोनमध्ये डोकं घालून ते ताईशी बोलायचे आणि ताई कुठूनतरी चालेल म्हणायची.

मग ताईचा डावा कानही मागे पडायला लागला. दूरच्या शहरातले कानाचे मोठे डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करून बघू. जमली तर आहे तेवढं ऐकू येणं टिकेल, नाही जमली तर तेही जाईल, आणि नाहीच केली तर काही महिन्यांत आपोआप जाणारच आहे. ताईने शांतपणे मान डोलावली. भावोजींची मात्र पाचावर धारण बसली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेहुणीबाई, दवाखान्यात शिरलो की डॉक्टर, नर्स, तपासण्या. तिथे काही बोलणं होणार नाही. विमानात दोन तास मिळतील. तेवढे दोन तास मला तिच्या डाव्या बाजूला बसायचंय. मला तिच्याशी खूप बोलायचंय." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ही इच्छा पहिल्यांदाच जाहीर केली, तीही माझ्यापाशी.

आम्हा तिघांची तिकिटं त्यांनीच काढली. कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला तिकीट जवळपास फुकट, पण खुर्ची निवडायचं शुल्क सगळ्यांना सारखं. मी म्हटलं, "सोबत घ्या. गपचूप पैसे भरा." तर हे गृहस्थ छाती काढून म्हणाले, "माझ्याच शब्दाला मी पैसे देऊ? आणि गरजच काय? एका तिकिटावरची माणसं यंत्र एकत्रच बसवतं. खाली लिहिलंय बघा, आपल्याला शक्यतो जवळच बसवू." मी विचारलं, "ते कुणी लिहिलंय?" म्हणाले, "मीच." त्यांनी बटण दाबलं, कुठेही चालेल. आपल्याच जाहिरातीला फसलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

यंत्राने शक्यतो काय केलं, तर ताईला विमानाच्या मध्यावर, मला तिच्या बरोबर मागे, दोघींनाही सुवर्णमध्य, आणि भावोजींना थेट शेवटी, सोयीच्या रांगेत. विमानतळावरच्या मुलीने छापील हसू हसून सांगितलं की विमान भरलेलं आहे, आत गेल्यावर प्रवाशांना विनंती करून बघा.

आत गेल्यावर चित्र असं होतं. ताईच्या उजवीकडे, बाहेरच्या अंगाला, एक मुलगी संगणक मांडीवर घेऊन बसली होती. डावीकडे खिडकीशी एक लठ्ठ गृहस्थ होते, मानेला उशी अडकवून. खिडकीचं झाकण त्यांनी खाली ओढलं होतं आणि डोळेही मिटले होते. भावोजी मागच्या रांगेतून माणसांची माफी मागत पुढे आले आणि त्यांनी संगणकवाल्या मुलीच्या डोक्यावरून अदबीने त्या गृहस्थांना हाक मारली.

"साहेब, एक विनंती होती. माझ्या बायकोला फक्त डाव्या कानाने ऐकू येतं. तुम्ही मला ही खुर्ची द्याल का? मागे माझी आहे."

"मागे कुठे?" गृहस्थांनी एक डोळा उघडला.

"शेवटची रांग."

गृहस्थांनी डोळा मिटला. "मी आकाशदर्शन घेतलंय."

"अहो, पण तुम्ही झाकण खाली ओढलंय!"

"आकाश माझं आहे. मी ते उघडं ठेवीन नाहीतर झाकून ठेवीन."

आणि आकाश भावोजींनीच तर विकलं होतं. तेवढ्यात विमानातली सेविका आली. नीटनेटकी, गोड, घाईत असलेली मुलगी. "सर, आपण आपल्या जागेवर बसा. दारं बंद होतायत."

"ही माझी बायको आहे. मला हिच्या शेजारी बसायचंय."

"सर, त्यासाठी 'सोबत' घ्यावं लागतं. आपण 'कुठेही चालेल' म्हणालात."

"मला माहीत आहे. ते वाक्य माझंच आहे."

"हो सर, आपलंच आहे. बटण प्रत्येक प्रवासी स्वतःच दाबतो."

"तसं नाही हो, ते मी लिहिलंय!"

"सगळे असंच म्हणतात, सर," ती समजूत काढत म्हणाली, आणि मला मागे तोंडाला पदर लावावा लागला. हसू आवरेना आणि रागही आवरेना. चांगल्या माणसाची त्याच्याच शब्दांनी अशी कोंडी झालेली बघताना दोन्ही एकदम होतं.

मग त्या मुलीने, आपल्या परीने मार्ग काढावा म्हणून, वाकून ताईलाच विचारलं. "मॅडम, सर मागे बसले तर आपल्याला चालेल ना?"

ती विचारत होती बाहेरच्या वाटेतून, म्हणजे ताईच्या उजव्या बाजूने. विमानाचा घोंघाट सुरू झाला होता. ताईने तिच्याकडे बघितलं, छान हसली आणि म्हणाली, "चालेल."

"बघा सर," सेविका म्हणाली.

भावोजी वाटेत तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. आधी त्यांच्या तोंडावर राग आला, मग तो विझला, आणि मग तोंडात मारल्यासारखं झालं. "तिला ऐकू आलेलं नाही," ते हळू म्हणाले. मग एकदम मोठ्याने, सगळ्या रांगा वळून बघतील इतक्या मोठ्याने, "अहो, तिला प्रश्नच ऐकू आलेला नाही! ऐकू नाही आलं की ती चालेल म्हणते!"

हे त्यांना तेव्हा कळलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच कळलं. ताई किती समजूतदार, किती जुळवून घेणारी, म्हणून आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. सारखं "काय म्हणालात?" विचारून समोरच्याला वैताग द्यायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. तिच्या बहिरेपणाला आम्ही सगळे स्वभाव म्हणत होतो, आणि भावोजींनी तर त्याचं बटण केलं होतं.

भावोजींनी मग शरम सोडली. संगणकवाल्या मुलीच्या मांडीवरून, ताईच्या पुढून, लठ्ठ गृहस्थांच्या पोटावर हात टेकून ते ताईच्या डाव्या कानाशी पोचले. "अगं, ही बाई विचारतेय, मी मागे जाऊन बसलो तर तुला चालेल का?"

ताई दचकली. "मागे? मागे कशाला? मुळीच चालणार नाही!"

लठ्ठ गृहस्थ पोटावरचा हात बघून म्हणाले, "अहो, माझं आकाशदर्शन!"

तडजोड अखेर सेविकेनेच काढली. पुढे एक ऐसपैस रिकामी होती, तिचा प्रवासी आलाच नव्हता. भावोजींनी ती खुर्ची त्या गृहस्थांसाठी विकत घ्यायची, म्हणजे गृहस्थ उठतील. मग मोकळ्या झालेल्या खिडकीसाठी भावोजींनी आकाशदर्शन घ्यायचं आणि शेजारी बायको असल्यामुळे सोबतही. तिने पैसे घ्यायचं यंत्र पुढे धरलं. भावोजींनी एकेक करून आपली तिन्ही नावं विकत घेतली, चेहरा असा की आपल्याच लग्नात आहेर देतायत. गृहस्थ उशीसकट पुढे गेले आणि बसल्या बसल्या झोपले.

विमान वर गेलं. मी मागच्या खुर्चीत, दोन पाठींच्या मधल्या फटीला कान लावून बसले. लाज नाही वाटली. माझी बहीण आहे.

भावोजी गोड काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "स्वयंपाकघराला तो हिरवा रंग लावला, तेव्हा तुला विचारलं होतं. चालेल म्हणालीस."

"हिरवा? मला वाटलं दूध संपलंय म्हणताय."

"माझा भाऊ वर्षभर आपल्याकडे राहिला."

"मला वाटलं जेवायला येतोय. तो जाईचना."

"शहराबाहेर घर घेतलं ते?"

"तेव्हा तुम्ही होतात कुठे?"

"आत. दाढी करत होतो."

"मग काय," ताई म्हणाली आणि हसायला लागली. भावोजीही हसले. दोघं पोरांसारखी खिदळत होती, आणि संगणकवाल्या मुलीने कानातलं गाण्याचं यंत्र काढून त्यांच्याकडे बघितलं.

मग भावोजींचं हसू ओसरलं. "माझी बदली झाली तेव्हा मी विचारलं होतं, वाचनालयातली नोकरी सोडशील का. त्याच वर्षी तुला मुख्य करणार होते. तेव्हाही तू चालेल म्हणालीस. तेही ऐकू आलं नव्हतं, ना?"

मी फटीतून बघितलं तर ती हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होती.

"ते ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

जगातल्या प्रत्येक गोष्टीला बरं नाव देणाऱ्या माणसाला या गोष्टीसाठी शब्द सापडत नव्हता. शेवटी त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं. ते मला ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं. ताईने ऐकलं आणि त्यांचा हात धरला. विमान उतरेपर्यंत मग ते बोलतच होते.

शस्त्रक्रिया जमली नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन सरळ सांगितलं, लांबण लावलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ताईचा डावा कान गेला. मी जिन्यात जाऊन रडले. भावोजी रडले नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून ते फोनवर काहीतरी टाइप करत होते. मला राग आला. म्हटलं, आत्ता कसलं काम? त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मोठ्या साहेबांना लिहिलं होतं, की कुठेही चालेल हे बटण ताबडतोब काढावं, ते फसवं आहे, आणि यंत्राने दिलेली खुर्ची प्रवाशाला पसंत नसेल तर 'चालणार नाही' असं म्हणण्याची सोय त्याला मिळावी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपल्याच नावाला नावं ठेवली होती.

साहेबांचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं, सोबत हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. 'चालणार नाही' ही कल्पना वरच्या मजल्यावर सगळ्यांना बेहद्द आवडली होती. यंत्राने दिलेली खुर्ची नाकारण्याची विशेष सुविधा पुढच्या महिन्यापासून सुरू होत होती. शुल्क किती ठेवायचं यावर बैठक चालू होती. नाव हेच ठेवणार होते, कारण यापेक्षा चांगलं नाव भावोजींनाही सुचणार नाही असं सर्वांचं मत पडलं. जुनं बटणही राहणार होतं.

"नोकरी सोडा," मी म्हटलं.

"सोडतो," ते म्हणाले. "आधी हिला घरी नेऊ."

परतीच्या तिकिटासाठी त्यांनी फोनवर विमानाचा नकाशा उघडला. या वेळी पैशाचा विचार करायचा नाही असं ठरवूनच बसले होते. माझ्याशेजारी बसून ते एकेका खुर्चीवर बोट ठेवत राहिले. खिडकी, मधली, बाहेरची, पुढची, मागची. मग बोट थांबलं. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मान हलवली. आता ताईला डावी बाजू राहिली नव्हती, उजवी तर कधीच नव्हती. काय बोलतोय ते कळायला तिला समोरच्याचं तोंड दिसावं लागणार होतं. विमानातल्या सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला बघत होत्या. कितीही शुल्क भरलं तरी त्यातली एकही वळणार नव्हती.

आम्ही रेल्वेने आलो. खूप वेळ लागला. डब्यात समोरासमोर बाकं होती. एकावर ताई आणि मी, समोर भावोजी. ते ओठ मोठेमोठे हलवून सावकाश बोलत होते आणि ताई डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला धड काही कळत नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, "चालेल." भावोजींनी जोरजोरात मान हलवली. हातांनी खूण केली, नाही, खरं सांग. ताईने विचार केला, मग स्वतःच्या वरच्या ओठावर बोट फिरवून म्हणाली, "मिशी आड येते."

भावोजींची मिशी कॉलेजपासूनची होती. ते उठले, माझ्याकडून नखं कापायची कात्री मागून घेतली आणि डब्याच्या टोकाच्या बेसिनपाशी गेले. परत आले तेव्हा वरचा ओठ एका बाजूला सोललेला, दुसऱ्या बाजूला खुंटं राहिलेली, आणि चेहरा कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. मी तोंड फिरवून हसले. ते ताईसमोर बसले, पुढे वाकले आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, वाचनालयात परत जायचंय का तुला?

ताई त्यांच्या उघड्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो."